मामगुनीची आरोळी

बुलावायोच्या आमच्या शिक्षक कॉलेजात मी एकतीस वर्षं कारकुनी केली. तेवढ्या काळात सात प्राचार्य आले नि गेले, पण कॉलेज खऱ्या अर्थाने चालवलं ते एका बाईने. सिखांगेझिले मगुनी. हे एवढं लांबलचक नाव फक्त पगारपत्रकावर. मगुनींच्या घरची लेक म्हणून सगळे तिला मामगुनीच म्हणत, प्राचार्यसुद्धा.

ती भटारखान्यातली मुख्य स्वयंपाकीण. दोनशे चाळीस मुलांची इसिच्वाला, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ती रोज एकटी घोटायची. घोटायचा दांडा होडीच्या वल्ह्याएवढा. तो फिरवताना तिचे दंड एकदा पाहिले की नवा मास्तर दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी अदबीनेच बोलायचा. "मामगुनी, जमलं तर जरा रस्सा..." असं.

भटारखाना आणि संगीताचा वर्ग यांच्यात एकच भिंत होती. भिंतीपलीकडे सिबिंदी मास्तर मुलांना मारिंबा, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, शिकवायचे. मास्तर अंगाने काटकुळे, पण शिस्तीचे भलते कडक. एक्याऐंशी साली परीक्षेच्या आठवड्यात मोठ्या मारिंब्यावरचा, बासवरचा, मुलगा रोज एकाच जागी अडखळत होता. मी हजेरीपट घेऊन वर्गात गेलो होतो, तेवढ्यात मामगुनी चहाचा ट्रे घेऊन आली.

"मास्तर, तुमचा हा मुलगा रोज चौथ्या फेरीला घसरतो. मला भिंतीपलीकडून कळतं, तुम्हाला इथे उभं राहून कळत नाही?"

"चहा ठेवा आणि जा, मामगुनी."

"जाते की. आधी वाजवून दाखवते, मग जाते."

तिने मुलाला बाजूला केलं. बास मारिंबा इतका उंच की मुलं स्टुलावर चढून वाजवायची. ही जमिनीवर उभी राहिली, रबरी बोंडाच्या दोन्ही जाड काठ्या उचलल्या आणि अख्खं गाणं वाजवलं, एकही पट्टी न चुकता. पट्ट्यांखालच्या नळ्यांतून तो खालचा घुमारा आणि त्याच्यावरची ती झीं अशी उठली की खिडकीच्या काचा थरथरल्या.

सिबिंदी मास्तरांनी माझ्या हातातला हजेरीपट ओढून घेतला. मग म्हणाले, "बायका बास वाजवत नाहीत."

"दोनशे जणांची इसिच्वाला बायकांनी घोटू नये असं मात्र कुणी म्हणालं नाही कधी," मामगुनी म्हणाली आणि ट्रे उचलून गेली.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी आमचा चौघांचा बँड जमवला आणि ती बासवर होती. मास्तर सगळ्यात लहान, वरच्या सुरांच्या मारिंब्यावर, मी मधल्यावर, आणि कॉलेजचा माळी म्पोफू दोन भोपळ्यांचे खुळखुळे घेऊन. लोक आम्हाला 'भटारखाना बँड' म्हणायचे. मास्तरांना ते नाव आवडायचं नाही. आम्ही लग्नांत वाजवलं, शाळांच्या खेळांच्या दिवशी वाजवलं, मंत्री आले तेव्हाही वाजवलं आणि मंत्री आलेच नाहीत तेव्हाही वाजवलं.

शहाऐंशी साली हॅरिएट नावाची एक अमेरिकन मुलगी पंधरा दिवसांसाठी आली. केस विस्कटलेले, पायात टायरच्या चपला, खांद्याला कॅसेट रेकॉर्डर. भटारखान्यामागच्या जकरांड्याच्या झाडाखाली तिने आमची नऊ गाणी टेप केली, आमच्याकडून वाजवायला शिकली आणि निघून गेली. पुढे दर नाताळाला तिचं कार्ड यायचं. मामगुनी ती कार्डं पिठाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवी.

सत्तावीस वर्षांनी कार्डाऐवजी जाड पाकीट आलं. हॅरिएटने लिहिलं होतं की ओरेगॉनमधल्या अ‍ॅल्डर क्रीक या तिच्या गावात आता मारिंब्याचे अकरा गट आहेत. ते सगळे ती कॅसेट ऐकत ऐकत शिकले. तर तुम्ही चौघांनी दोन आठवड्यांसाठी यावं, वाजवावं, शिकवावं. तिकिटं ते काढतील.

"अकरा गट?" म्पोफू म्हणाला. "अख्ख्या बुलावायोत तरी अकरा आहेत का?"

"आणि सगळ्यांनी आपल्यालाच ऐकलंय," मास्तर म्हणाले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा कारण नसताना हसताना पाहिलं.

व्हिसाच्या खिडकीतल्या माणसाने मामगुनीच्या कागदांवर 'व्यवसाय: स्वयंपाकीण' वाचून भुवया वर केल्या. तुम्ही काय वाजवता, असं विचारलं. मामगुनीने त्याच्या टेबलावर दोन्ही तळव्यांनी बासची एक फेरी वाजवली. त्याचा पेनांचा कप कलंडला. "आणखी वाजवू?" तिने विचारलं. त्याने लगेच शिक्का मारला. तिकडच्या विमानतळावर मात्र तिच्या बॅगेतून वाळवलेल्या मोपानी अळ्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या खाऊचं, पुडकं निघालं आणि अधिकाऱ्याने ते दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकलं. पुढचे तीन दिवस ती त्या माणसाच्या आईवडिलांचा उद्धार करत होती.

अ‍ॅल्डर क्रीकला पोचलो त्याच दुपारी त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये आमचं स्वागत ठेवलं होतं. समोर चाळीसेक माणसं मारिंब्यांमागे उभी. गावचा दंतवैद्य, पोस्टातली बाई, दोन मावश्या एकसारखा स्वेटर घातलेल्या. हॅरिएट आता साठीला टेकलेली, केस पांढरे, पण तेवढेच विस्कटलेले. तिने मान हलवली आणि सगळ्यांनी आमचं लग्नातलं गाणं सुरू केलं, 'सासूबाई, फाटक उघडा'. हे सिबिंदी मास्तरांच्या आजोबांचं गाणं. नवरी वऱ्हाड घेऊन दाराशी येते तेव्हाचं.

आणि काय वाजवत होते! लग्न आमच्या गल्लीतच लागतंय असं वाटावं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्पोफू जागच्या जागी पाय आपटायला लागला.

चौथ्या फेरीला बास अचानक थांबला. सगळ्या चाळीस जणांनी माना वर केल्या, डोळे मिटले आणि छताकडे तोंड करून एका सुरात आरोळी ठोकली:

"कुयाऽचा!"

मग आठ मात्रा नुसते खुळखुळे नि मधले सूर. खाली सगळं रिकामं. आणि मग बास धाडकन परत आला.

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी मामगुनीकडे बघितलं, तर ती पदराने, म्हणजे तिच्या त्या मोठ्या शालीच्या टोकाने, तोंड झाकून खाली वाकली होती. खांदे गदगदत होते. शेजारच्या बाईने हळुवारपणे तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं, मामगुनीला भरून आलंय.

'कुयाचा' म्हणजे आमच्या भाषेत 'करपतंय'.

झालं होतं असं. शहाऐंशी साली हॅरिएट निघायच्या दिवशी हे शेवटचं गाणं टेप करत होती, तेव्हा भटारखान्यात दाराजवळच्याच चुलीवर घेवड्याचा मोठा हंडा होता. मदतनीस पाणी आणायला गेलेली. चौथ्या फेरीला मामगुनीच्या नाकाला वास लागला. तिने काठ्या टाकल्या, "कुयाऽचा!" असं बोंबलत आत धावली, हंडा उतरवला आणि आठ मात्रांत परत येऊन बास पकडला. पुन्हा टेप करायला कॅसेटवर जागा उरली नव्हती. त्यावरून मास्तर आठवडाभर तिच्याशी बोलले नव्हते. हॅरिएट कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकत होती, तिला आमची भाषा येत नव्हती, आणि आरोळी इतकी बरोबर तालावर पडली होती की ती मुद्दाम आहे असं कुणालाही वाटावं.

तिने वर्गासाठी काढलेली पुस्तिका त्या संध्याकाळी आमच्या हातात पडली. पान चौदा: 'या ठिकाणी वादक पूर्वजांच्या पवित्र अग्नीला हाक मारतात. नंतरचं मौन हे पूर्वजांच्या उत्तरासाठी राखलेलं असतं.'

"पूर्वज!" म्पोफूला हसू आवरेना. "घेवडा म्हणजे तुमचे पूर्वज का, मामगुनी?"

"गप बस रे मेल्या. ऐकतील ते."

मास्तर मात्र हसत नव्हते. "माझ्या आजोबांच्या गाण्यात सत्तावीस वर्षं भोक पडलंय आणि अकरा गट ते भोक मन लावून वाजवताहेत. उद्याच्या वर्गात मी सगळ्यांसमोर सांगणार."

"सांगा ना," मामगुनी डोळे पुसत म्हणाली. "मी हंडा कसा उचलला ते करूनसुद्धा दाखवते."

आमची राहायची सोय वॉल्टर नावाच्या एका सुताराकडे होती. पंचाहत्तरीचा उंच, अबोल माणूस. गावातले जवळजवळ सगळे मारिंबे त्यानेच आपल्या शेडमध्ये बनवलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामगुनी सवयीप्रमाणे त्याच्या स्वयंपाकघरात शिरली. दुसऱ्याच्या घरात ती हातावर हात धरून बसली आहे असं मी कधी पाहिलं नाही. मला तिने बटाटे सोलायला बसवलं. फ्रीजवर एका बाईचा फोटो होता, बास मारिंब्यामागे उभी, काठ्या हवेत.

"मालकीणबाई का?" मामगुनीने विचारलं.

"बेथ," वॉल्टर म्हणाला. "तीन वर्षं झाली जाऊन. तुमची कॅसेट ऐकून बास शिकली ती. तुमचाच भाग. गाडीतसुद्धा तुम्हीच वाजत असायचात."

मग त्या अबोल माणसाने सांगितलं. बेथची राख त्यांनी गावाबाहेर नदीत सोडली. सगळे गट काठावर जमले होते. तिचा मारिंबा मध्ये ठेवला होता, पण त्याच्यामागे कुणालाही उभं केलं नव्हतं. बाकीच्यांनी 'फाटक उघडा' वाजवलं, चौथ्या फेरीला सगळ्यांनी 'कुयाचा' म्हणून हाक मारली आणि थांबले. "त्या आठ मात्रा," तो म्हणाला, "मला अजून कधीकधी वाटतं, आता बास येईल."

तो शेडमध्ये गेल्यावर मामगुनी ओट्याला टेकून उभी राहिली.

"झोद्वाचे बाबा," ती मला म्हणाली. माझी थोरली झोद्वा, म्हणून ती मला तशीच हाक मारायची. "आता काय करायचं हो?"

"मास्तर तर अकरा वाजता सांगणार आहेत."

"मास्तरांनी चारचौघांत सांगितलं नि या माणसाने ते तिथे ऐकलं, तर मी तोंड कुठे लपवू? बायकोला निरोप देताना याने माझ्या करपलेल्या घेवड्याच्या नावाने हाक मारली."

"मग सांगूच नका."

"आणि तो फसलेलाच राहू दे? त्याच्याच घरात त्याचेच बटाटे खाऊन?" तिने हातातली सुरी खाली ठेवली. "चला माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"मी रडले तर इंग्रजी कोण बोलणार?"

शेडमध्ये वॉल्टर एका पट्टीला कानस मारत होता. मामगुनी समोर उभी राहिली आणि तिच्या भटारखान्यातल्या इंग्रजीत तिने सगळं सांगितलं. हंडा, मदतनीस, वास, आरोळी, कशालाही फाटा दिला नाही. शेवटी म्हणाली, "भावा, माफ कर. तुझ्या बायकोला मी हाक मारली नव्हती. मी घेवड्याला मारली होती."

वॉल्टरने कानस खाली ठेवली. मग त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं, आधी खोकल्यासारखं, आणि तो हसायला लागला. शेडच्या दाराला धरून हसला. मग लाकडाच्या ओंडक्यावर बसून हसला.

"बेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "बेचाळीस वर्षांच्या संसारात बेथने एकदा, फक्त एकदा, न करपवता भात केला असेल. आमच्या घरात धूर बघून शेजारी पाण्याची नळी घेऊन यायचे. आणि आम्ही तिला निरोप देताना..." आता तो हसत होता की रडत होता, ते मला सांगता येणार नाही. मामगुनी त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसली आणि त्याच्या पाठीवर तिने दणादण दोन थापा मारल्या. आमच्याकडे सांत्वन असंच करतात.

"तिला हे कळायला हवं होतं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांना सांगा. मास्तरांनी नाही, तुम्हीच सांगा."

अकरा वाजता तिने सांगितलं. हंडा उचलून दाखवला, धावून दाखवलं, मास्तरांचा आठवडाभराचा फुगलेला चेहरासुद्धा करून दाखवला. दंतवैद्य खुर्चीवरून पडता पडता राहिला. दोन स्वेटरवाल्या मावश्यांनी एकमेकींच्या गळ्यात पडून हसून घेतलं. फक्त हॅरिएट हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुस्तिका पिशवीत टाकली आणि बाहेर निघून गेली.

मास्तर माझ्या कानाशी आले. "बघा, माझंच बरोबर होतं ना?" पण आवाजात जोर नव्हता.

दिवसभर हॅरिएट दिसली नाही. मामगुनीला जेवण गेलं नाही, आणि ही गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होतो. "पोरीने आयुष्य घातलंय या कामात," ती म्हणत राहिली. "मी तिला सगळ्या गावासमोर उघडं पाडलं. आधी तिलाही एकटीला गाठून सांगायला हवं होतं. सुताराचा विचार केला नि तिला विसरले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. बाहेर हॅरिएट उभी. डोळे सुजलेले, हातात पुस्तिका आणि पेन्सिल.

"मी रात्री ती कॅसेट पुन्हा ऐकली," ती म्हणाली. "आरोळीनंतर झाकण पडल्याचा आवाज येतो. सत्तावीस वर्षं मी वर्गात शिकवलं की तो घंटेचा आवाज आहे."

मामगुनीने तिला ओढून आत घेतलं. "ये गं बाई. मी तुला आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

"मी विचारायला हवं होतं," हॅरिएट म्हणाली. "सगळं विचारलं मी तुम्हाला, पट्ट्यांचं लाकूड, नळ्यांची मापं. त्या एका शब्दाचा अर्थ तेवढा विचारला नाही. मला वाटलं, मला तो आतून समजलाय." मग तिने पुस्तिका उघडली, पान चौदावर काट मारली आणि पेन्सिल रोखली. "आता नीट सांगा. घेवडा कोणता होता?"

"तांबडा," मामगुनी म्हणाली. "ठिपक्यांचा. पण तो लिहू नकोस. बरं, लिही. आणि हेही लिही की वाचला होता तो. तळालाच काय ती थोडी खरपुडी धरली होती."

राहिलेले दिवस मास्तरांनी अकराही गटांना त्या आठ मात्रांतला बासचा खरा भाग शिकवला. काहींना तो आवडला, काही कुरकुरले. पोस्टातल्या बाईने हात वर करून विचारलं, "मग आता कसं वाजवायचं? भरून की रिकामं?" मास्तरांनी तोंड उघडलं होतं, पण मामगुनी आधी बोलली. "मास्तरांच्या आजोबांचं गाणं भरलेलंच आहे. ते विसरू नका. बाकी तुमच्या गावच्या लग्नांत नि मरणात तुम्ही काय करता, ते तुमचं तुम्ही बघा."

शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी नदीकाठच्या मैदानावर झाला. बेथचा मारिंबा वॉल्टरने स्वतः ट्रकवर घालून आणला आणि मामगुनीपुढे ठेवला. आम्ही चौघांनी 'फाटक उघडा' धरलं. तिसरी फेरी गेली, चौथी आली. मी तिच्या डाव्या हाताला होतो. तिच्या काठ्या वर गेल्या आणि वरच राहिल्या. तिने वॉल्टरकडे बघितलं. तीनेकशे माणसांनी एकदम हाक मारली. कोण हसत हसत, कोण डोळे मिटून. आठ मात्रा खाली काहीच नव्हतं, फक्त म्पोफूचे खुळखुळे नि माझे मधले सूर. आणि मग तिने बास असा आणला की मारिंब्याचे पाय मातीत रुतले.

मंचावरून उतरल्यावर मी मास्तरांना म्हणालो, "तुम्ही पण ओरडलात."

"घशात माशी गेली होती," मास्तर म्हणाले.

परत आल्यावर तीन वर्षांनी मामगुनी निवृत्त झाली. सगळ्यांना वाटलं आता गावी जाऊन कोंबड्या पाळेल. तिने बुलावायोच्याच मकोकोबा वस्तीतल्या चर्चमागची जुनी खोली मागून घेतली आणि तिच्याच वयाच्या बायकांना बास शिकवायला लागली. अट एकच, वय पन्नासच्या वर हवं. "पोरींना शिकवायला शाळा आहेत," ती म्हणते. "आम्हाला कोण विचारतं?" गुरुवारची प्रार्थना आटोपली की चर्चच्या गणवेशातल्या लाल ब्लाउज नि पांढऱ्या टोप्यांतच बायका तिकडे येतात. वॉल्टरने तीन बास मारिंब्यांच्या पट्ट्या जहाजाने पाठवल्या. नळ्या इथे मास्तरांनी बसवल्या. सत्तरी उलटली तरी ते दर गुरुवारी येतात, कोपऱ्यात बसतात आणि कुणी चुकलं की छडीने जमिनीवर टकटक करतात. बायका त्यांना जुमानत नाहीत.

मागच्या महिन्यात पाद्रीबाई, म्हणजे चर्चच्या पाद्रींच्या पत्नी, स्वतः आल्या. चौसष्ट वर्षांच्या, करारी, हातात पर्स. म्हणाल्या, "मी आपली नुसती बघायला आलेय. फार तर खुळखुळे वाजवीन."

"बरं," मामगुनी म्हणाली. तिने त्यांच्या हातातली पर्स घेतली, खिळ्याला अडकवली आणि त्या जागी दोन जाड काठ्या ठेवल्या.

"अहो मामगुनी, हे मला..."

"तुम्ही सहा मुलं वाढवलीत ना? मग मारा."

पाद्रीबाईंनी आधी दाराकडे बघितलं, बाहेरून पाद्री जात नाहीत ना म्हणून. मग सगळ्यात मोठ्या पट्टीवर एक काठी घातली. खोलीभर घुमारा उठला. त्यांनी दचकून मागे बघितलं, जणू आवाज दुसऱ्याच कुणी केला, आणि मग पर्स कुठे टांगलीय हे विसरून दुसरी काठी उचलली.